हान घराण्याचा इतिहास वाचायचा तर आधी नोंदी तपासा

चीनच्या हान घराण्यावरचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीलाच सम्राटांची यादी भेटते आणि बहुतेक वाचक तिथेच गळतात. ती यादी खुशाल सोडून द्या. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. नोंद कुणी केली, कधी केली आणि तिचा फायदा कुणाला, हे विचारल्याखेरीज आकडा मान्य करायचा नाही, ही सवय तिथे लागली. हान काळही मी तसाच वाचते. या राजवटीइतक्या नोंदी त्या काळात फार थोड्यांनी ठेवल्या, म्हणून तर त्या तपासण्यात एवढा आनंद आहे.

आधी एका कागदावर मोजक्या तारखा लिहा. इ.स.पू. 206 मध्ये हानच्या आधीची छिन राजवट कोसळली. इ.स.पू. 202 मध्ये लिउ बांग हा साध्या घरातला माणूस श्यांग यू या प्रतिस्पर्ध्याला हरवून सम्राट झाला, राजधानी छांगआन. इ.स. 9 ते 23 वांग मांगने गादी बळकावली. इ.स. 25 पासून लिउ घराणं परत आलं, राजधानी लुओयांग. इ.स. 220 मध्ये शेवट. सुरुवातीला एवढा सांगाडा पुरतो. बाकीची नावं वाचता वाचता आपोआप त्यात बसत जातात.

मग मुख्य साधनं, म्हणजे हान काळातच लिहिलेले दोन इतिहासग्रंथ, ओळखून घ्या. पहिलं सिमा छियानचं 'शिजी', 130 प्रकरणांचं. दुसरं बान गूचं 'हानशू', 100 प्रकरणांचं, जे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीने, बान चाओने पूर्णत्वाला नेलं. मूळ मजकूर 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर मोफत आहे आणि महत्त्वाच्या प्रकरणांचे इंग्रजी अनुवाद झालेले आहेत.

'शिजी' सलग वाचू नका. त्याची रचनाच अशी आहे की एकाच माणसाची गोष्ट अनेक प्रकरणांत विखुरलेली असते. लिउ बांगच्या स्वतःच्या प्रकरणात तो दैवी खुणा घेऊन जन्मलेला संस्थापक आहे. श्यांग यूचं प्रकरण उघडा. तिथे शत्रू पाठीशी लागलेला असताना तोच लिउ बांग रथ हलका व्हावा म्हणून स्वतःच्या मुलाला आणि मुलीला खाली ढकलतो आणि त्याचा सहकारी त्यांना पुन्हा वर घेतो. सिमा छियान त्याच घराण्याच्या दरबारात नोकरीला होता, वू सम्राटाचा रोष ओढवून घेतल्यामुळे त्याला खच्ची करण्याची शिक्षाही झाली होती. कुठली गोष्ट कुठल्या प्रकरणात ठेवायची, हे त्याने फार विचाराने ठरवलंय असं मला वाटतं. म्हणून नियम असा: माणूस निवडला की त्याच्या शत्रूचं प्रकरणही वाचायचंच.

आता सरावासाठी माझं सगळ्यात आवडतं प्रकरण देते. इ.स.पू. 74 मध्ये लिउ ह नावाचा तरुण सम्राट झाला आणि 27 दिवसांत त्याला पायउतार केलं गेलं. लोकप्रिय पुस्तकांत लिहिलेलं असतं की त्याने 27 दिवसांत 1,127 दुष्कृत्यं केली. भागाकार करा: दिवसाला चाळीसहून जास्त! इथे थांबायचं आणि मूळ नोंद काढायची. 'हानशू'च्या 68व्या प्रकरणात ती आहे, त्याला पायउतार करताना मांडलेल्या आरोपपत्रात. आकडा तोच, पण वाक्य वेगळं आहे: सम्राटाचे दूत सरकारी कचेऱ्यांकडे मागण्या घेऊन सारखे ये-जा करत होते आणि अशा मागण्या 1,127 झाल्या. म्हणजे हा मुख्यतः फर्मानांचा आकडा आहे, पापांचा नव्हे. आरोपपत्रात बाकीचे आरोप आहेतच, सुतकात मांस खाल्ल्याचा, गाणंबजावणं केल्याचा. पण नवा राजा कचेऱ्यांना धडाधड आदेश देतोय, याची खरी अडचण कुणाला झाली असेल?

हे आरोपपत्र मांडलं हुओ ग्वांगच्या पुढाकाराने. राज्याची सगळी सूत्रं त्याच्याच हातात होती. ते ऐकून मंजुरी देणारी राजमाता, म्हणजे आधीच्या सम्राटाची विधवा, ही हुओ ग्वांगच्याच मुलीची मुलगी, वयाने जेमतेम किशोरी. लिउ हसोबत आलेल्या दोनशेहून अधिक माणसांना मारण्यात आलं आणि बान गूने एक ओळ लिहून ठेवलीय: मृत्यूला सामोरं जाताना ते भर बाजारात ओरडत होते की वेळीच निर्णय घ्यायला हवा होता, तो घेतला नाही म्हणून ही आपत्ती ओढवली. कसला निर्णय? हुओ ग्वांगला हटवण्याचा, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात आणि मलाही तोच पटतो. अधिकृत इतिहासात अशा फटी असतात. त्या शोधायला शिका.

त्यानंतर जमिनीखालचा पुरावा बघा. लिउ हला पुढे हाइहुनचं सरदारपद मिळालं, इ.स.पू. 59 मध्ये तो वारला आणि 2011 मध्ये नानछांगजवळ त्याची कबर सापडली. सोनं आणि टनावारी तांब्याची नाणी निघालीच, पण लिहिलेल्या बांबूच्या हजारो पट्ट्या आणि कन्फ्युशियसचं चित्र असलेली आरशाची चौकटही निघाली. यावरून तो सज्जन होता असं लगेच ठरवू नका, कबरीत काय ठेवायचं यालाही रिवाज असतो. निव्वळ उडाणटप्पू असल्याचं चित्र मात्र डळमळतं.

आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी. इ.स. 2 च्या गणनेत सुमारे 5 कोटी 77 लाख माणसं नोंदली आहेत. इ.स. 57 मध्ये आकडा 2 कोटी 10 लाखांवर येतो. पीत नदीचे पूर आणि यादवी यांत माणसं खूप मेली, हे खरंच. पण शंभर वर्षांनी, इ.स. 157 मध्ये, नोंद पुन्हा 5 कोटी 65 लाखांच्या आसपास जाते. मधल्या घसरणीचा मोठा भाग हा नोंद न झालेल्या माणसांचा आहे: स्थलांतरित, जमीनदारांच्या आश्रयाला गेलेले, कर चुकवणारे. हा आकडा सरकारचा हात कुठवर पोचत होता ते सांगतो.

दरबार पुरे झाला की तुनहुआंगजवळच्या श्युएनछुआन या टपालठाण्याकडे वळा. तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं आणि लिहिलेल्या लाकडी पट्ट्या वीस हजारांहून जास्त मिळाल्या. त्यांत इ.स.पू. 62 मधलं कोंबड्यांच्या जमाखर्चाचं टिपण आहे: कोणत्या प्रवासी अधिकाऱ्याच्या जेवणाला किती कोंबड्या गेल्या, याचा चोख हिशेब. वाळवंटाच्या कडेला बसलेला तो कारकून मला कुठल्याही सम्राटापेक्षा जवळचा वाटतो. रेशीम मार्ग ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी नकाशाआधी ही टिपणं वाचावीत. मार्ग चालू ठेवायला रोज काय लागत होतं ते त्यांत दिसतं.

इतकं जमलं की वांग मांग स्वतः तपासा. बान गूने त्याला सम्राटांच्या पंक्तीत बसवलं नाही, चरित्रांमध्ये, ग्रंथाच्या अगदी शेवटाकडे ठेवलं. तो लिहीत होता परत आलेल्या लिउ घराण्याच्या छत्राखाली. इ.स. 9 मध्ये वांग मांगने जमीन आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली, इ.स. 12 मध्ये ती मागे घेतली. या दोन तारखा कागदाच्या दोन टोकांना लिहा आणि मधली तीन वर्षं 'हानशू'मधून भरायला घ्या. प्रत्येक वाक्यापुढे एक छोटी खूण करा: घडलेली घटना, की बान गूचा शेरा?