खत तेच, माती वेगळी: बेळगाव सीमाभागात कंपोस्ट घालताना या चुका टाळा

“एकरी चार-पाच ट्रॉल्या शेणखत टाका, पीक जोमात येतंय बघा.” हा सल्ला कणकुंबी-जांबोटीच्या जांभ्या मातीतही ऐकायला मिळतो आणि अथणी-कागवाडच्या काळ्या रानातही. कणकुंबीला पाऊस धो धो कोसळतो, अथणीला त्याची वाट बघत बसावं लागतं. एकीकडची माती आम्लधर्मी, दुसरीकडची चुनखडीची. खत घालूनही पीक बिघडलं, तर कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं: खत कच्चं होतं, नाहीतर माती न बघताच घातलं होतं.

कच्चं खत रानात नेणं

उकिरड्याच्या तळाला खत काळं आणि भुसभुशीत असतं, वरचा थर मात्र कालपरवाच्या शेणाचा आणि वैरणीच्या उरलेल्या चिपाडांचा. जेसीबीनं ट्रॉली भरली की दोन्ही एकत्र होतात. मग अर्धवट कुजलेली ही चिपाडं रानात कुजायला लागतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र (नायट्रोजन) लागतं आणि ते मातीतलंच उचलतात. पेरणीनंतर रोप पिवळं पडतं, तेही खालच्या जुन्या पानांपासून. अशा वेळी आणखी कच्चं शेणखत ओतू नका, त्यानं दुखणं वाढतं. युरियाचा हलका हप्ता द्या, ओल टिकवा आणि काही दिवस थांबा. कच्च्या खतातून तणाचं बी आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात ते वेगळंच. उसाच्या पट्ट्यात हुमणीनं किती रानं वाळवलीत, ते चिकोडीकडच्या कुणालाही विचारा.

खत तयार झालं का, हे घरीच कळतं. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीचा वास आला तर ठीक, अमोनियाचा भपका किंवा आंबूस वास आला तर अजून वेळ आहे. खात्रीसाठी एका डब्यात नुसती माती, दुसऱ्यात माती आणि खत निम्मं-निम्मं घ्या आणि दोन्हींत सारखेच मेथीदाणे पेरा. खताच्या डब्यातले दाणे कमी उगवले किंवा कोंब करपले, तर ते खत रानात नेऊ नका.

उसाचं पाचट जाळू नका, पण त्यातला कर्ब (कार्बन) फार आणि नत्र अगदी थोडं असतं, हे लक्षात ठेवा. ढिगात 25 ते 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र असेल तर कुजण्याची क्रिया नीट चालते. म्हणून टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक वापरतात. ढिगाच्या पोटात 55 ते 65 अंश उष्णता आली की तणाचं बीही मरतं. ढीग पलटताना बाहेरचा थर आत जाऊ द्या.

ढीग उन्हात सोडून देणं

उन्हाळ्यात रानोरान खताचे छोटे ढीग ओळीनं पडलेले दिसतात. मृगाचा पाऊस येईपर्यंत ते तसेच राहतात आणि नत्र हवेत उडून जातं. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की उरलंसुरलं ढिगाखाली मुरतं. मग ढिगाच्या जागी पीक हिरवंगार आणि बाकी रानात फिकट, असे ठिपके पडतात. खत ज्या दिवशी विस्कटाल त्याच दिवशी मातीआड करा.

तांबड्या मातीत चुना आणि खत एकदम घालणं

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातल्या माळाच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, ते पिकाला मिळत नाही. मक्याच्या जुन्या पानांच्या कडा जांभळट दिसल्या तर हीच शंका घ्या. इथं स्फुरद रानभर फेकण्यापेक्षा कुजलेल्या खतात मिसळून ओळीत दिलेलं बरं. माती फार आम्ल असेल तर चुना लागतो, पण तो शेणखतासोबत दिला की अमोनिया उडून जातो. आधी चुना द्या आणि तीन-चार आठवड्यांनी खत. बटाट्याच्या तोंडावर चुना किंवा ताजं शेण नकोच, सालीवर खपल्या आणणारा खवड्या रोग बळावतो. उचगाव-बेळगुंदीकडच्या रताळ्याला नत्र जास्त झालं तर वेल फोफावतात आणि खाली रताळी पोसत नाहीत. येळ्ळूरच्या बासमतीचंही तसंच, खत आणि युरिया दोन्ही सढळ झाले की भात लोळतो.

काळ्या रानात सगळं खतावर सोपवणं

कृष्णाकाठी पाणी आलं, ऊस आला आणि निचरा नसलेल्या काळ्या रानांत मीठही वर आलं. पांढरा थर दिसला की लोक जास्तीचं शेणखत टाकतात. शेणखतानं मातीची घडण सुधारते, पण मीठ जात नाही. ते पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे, म्हणून आधी चर काढा. सामू (पीएच) 8.5 च्या वर असेल आणि तपासणीत सोडियम जास्त निघालं, तरच जिप्सम द्या, तेही निचऱ्याची सोय झाल्यावर.

उसाचं कोवळं पान शिरा हिरव्या ठेवून पिवळं पडत असेल, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. कच्च्या खताचा पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो, केवडा वरच्या पोगा-पानांत दिसतो. केवड्यावरही युरिया ओतणं ही नेहमीची चूक आहे. चुनखडीच्या मातीत नुसतं फेरस सल्फेट टाकलं तर ते लगेच अडकतं. त्याच्या दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवून दिलं, तर पिकाला लागू पडतं.

काळं रान भुसभुशीत करायला दोन-चार ट्रॉल्या वाळू टाकणं व्यर्थ आहे. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घातला तर खतानं कमावलेली घडण एका फेरीत दबून जाते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल जाऊन माती मोकळी होईपर्यंत थांबाच.

नमुना चुकीच्या जागेचा घेणं

तपासणीची माती बांधालगतची, झाडाखालची किंवा जुन्या खताच्या ढिगाखालची घेऊ नका. रानात नागमोडी फिरत सात-आठ ठिकाणी 15 ते 20 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा. चौथाई करत, म्हणजे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो उरवा आणि कापडी पिशवीत घालून होबळीच्या (तालुक्याखालच्या महसूल मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. माळाची आणि ओढ्याकाठची माती एका पिशवीत घालू नका, दोन्हींचे अहवाल वेगळे यायला हवेत.