रिकामं हॉस्टेल, एक सुरा आणि तीस हजार रुपये

कॉलेजात घडणाऱ्या स्लॅशर फिल्मला फार काही लागत नाही. बंदिस्त आवार, पाच-सहा पोरंपोरी, एक मारेकरी आणि एक रात्र. एरवी लोकेशनवरच निम्मं बजेट उडतं, इथे ते तुमच्या पायाखाली असतं. तरी बहुतेक जण आधी पटकथा लिहितात आणि मग तिच्यात बसेल अशी जागा शोधत फिरतात. हा क्रम उलटा करा. आधी जागा, मग कथा.

‘द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड’ हा १९८२ चा सिनेमा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत, मोकळ्या पडलेल्या कॅम्पसवर शूट केला. कथाही सुट्टीत रिकामं झालेलं वसतिगृह उरकायला मागे राहिलेल्या मुलांचीच होती. म्हणजे गर्दी जमवण्याचा प्रश्न मुळातच उरला नाही. पुण्यात हे काम दिवाळीची सुट्टी किंवा डिसेंबरची अखेर करते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातला उगवतो, त्यामुळे जवळजवळ तेरा तासांची रात्र मिळते. मे महिन्यात ती अकरा तासांवर येते. जून ते सप्टेंबर हा विचारच सोडा. बेडकांचा आवाज काढता येत नाही, रक्त वाहून जातं आणि ओल्या जमिनीवर वायरी टाकणं जिवावरचं काम आहे.

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, रात्रीच करायची, ज्या वेळेला शूट असेल त्याच वेळेला. कुठले दिवे आपोआप विझतात, कुत्री कुठे बसतात, कुठला दरवाजा करकरतो, दगडी इमारतीच्या कुठल्या कोपऱ्यात मोबाइलची रेंज जाते, हे सगळं वहीत लिहा. शेवटची नोंद फार मोलाची आहे, कारण ‘हे लोक पोलिसांना फोन का करत नाहीत?’ हा प्रश्न प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला विचारतो. तालमीत सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करण्याची पद्धत अनेक ग्रुपमध्ये आहे, तीही वापरता येईल. मग मजल्याचा नकाशा काढा. जिना, गेट, बाथरूमचा पॅसेज, गच्ची. हा नकाशा पहिल्या तीन मिनिटांत, दिवसाउजेडी किंवा दिवे चालू असताना, एखाद्या पात्राला त्या वाटेनं चालवून प्रेक्षकाच्या डोक्यात बसवायचा. पुढे अंधारात ती मुलगी डावीकडे वळली की ‘अगं, तिकडे जिना बंद आहे!’ असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. जागा कळली नसेल तर भीती वाटत नाही, नुसता गोंधळ वाटतो.

पात्रं रात्री कॉलेजात असण्याचं कारणही इथलंच हवं. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तालीम, सबमिशनच्या आदल्या रात्री रखडलेली जर्नल्स, गावी न गेलेले दोघं-तिघं. मारेकरी म्हणून वॉचमन मामा किंवा मेसचे काका नकोत. ते सगळ्यांना आधीच ओळखू येतं आणि गरीब माणसावर संशय ढकलणं ही आळशी युक्ती आहे. बारा-पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये दोन खून आणि एक सुटका पुरे. तिसऱ्या खुनाला प्रेक्षक हसायला लागतो.

मुखवट्यावर पैसे घालवू नका. १९७८ च्या ‘हॅलोविन’मधला तो प्रसिद्ध चेहरा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानातून आणलेला मुखवटा होता, पांढरा रंग दिलेला. आपल्याकडे तर त्याहून स्वस्त सोय आहे. चेहऱ्याला गच्च बांधलेला स्कार्फ, वर सनकोट आणि हातमोजे. पुण्यात अशा माणसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, भीती नेमकी तिथेच आहे. शिवाय मूळ नट आला नाही तर त्याच उंचीचा कुणीही आत शिरू शकतो. फक्त स्कार्फमधून बाजूचं दिसत नाही, म्हणून मारेकऱ्याला जिन्यावर पळवू नका. तसाही तो चालत आलेलाच जास्त भीतिदायक वाटतो.

परवानगी

प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज, शक्यतो सांस्कृतिक विभागामार्फत. त्यात तारखा, वेळा, प्रत्येकाचं नाव, गाड्यांचे नंबर, किती वॉटचे दिवे लावणार, खरी हत्यारं नसल्याची हमी आणि साफसफाईची जबाबदारी. सोबत पानभर कथासार जोडा. लपवाछपवी केली तर पहिल्याच रात्री रेक्टर शूट बंद पाडतात. मारेकऱ्याची पूर्वकथा रॅगिंगची असेल तर अर्ज अडेल असं धरूनच चाला. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि कुठल्याही कॉलेजला आपल्या इमारतीत ते दृश्य नको असतं. कॉलेजचं नाव, बोधचिन्ह, आयकार्डच्या दोऱ्या, सगळं झाका.

जवळच्या पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र द्या आणि पोच घेतलेली प्रत सेटवर ठेवा. कोयता हा प्रॉप पुण्यात नकोच. नकली असला तरी रात्री तो हातात घेऊन धावणारा माणूस कुणी गच्चीवरून पाहिला की ११२ ला फोन जाणार. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेशही शहरात वेळोवेळी निघत असतात. साधा स्वयंपाकघरातला सुरा घ्या, आणि तोही इमारतीच्या आतच. ड्रोनचा मोह टाळा. लोहगाव विमानतळ आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) यांच्यामुळे पुण्याच्या बऱ्याच आकाशावर निर्बंध आहेत.

दिवे आणि कॅमेरा

चांगला फोन पुरतो, पण ऑटोवर नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मावळते. शटर १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये नेमके दोन ठोके सापडतात आणि लहर दिसत नाही. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस लॉक. फोन स्वतःहून १/६० वर गेला की चित्रातून काळे पट्टे सरकायला लागतात आणि ते एडिटला धड निघत नाहीत. स्लो मोशन ट्यूबखाली करूच नका. फोनची फक्त मुख्य लेन्स वापरा, वाइड आणि टेलिफोटोचे सेन्सर बहुधा लहान असतात आणि अंधारात चित्र दाणेदार करतात.

अंधार दाखवायचा म्हणजे दिवे विझवायचे, हा गैरसमज आहे. अंधार दिसायला मागून उजेड लागतो. १०० वॉटचा एक एलईडी फ्लड दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून, नटाच्या पाठीमागून खाली सोडा, त्यावर फिकट निळा जिलेटिन पेपर, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या आसपास. झाला चंद्रप्रकाश. समोरची जमीन बादलीभर पाण्यानं ओली केली की उजेड परावर्तित होऊन पॅसेजची खोली दिसते. पाणी मारायचं ते वायरीपासून लांब, आणि त्यावर कुणी धावायचं नाही. चेहऱ्याला बाजूनं एक छोटा उबदार दिवा. फ्लड तपकीर गल्लीत मिळतात, पण घेण्याआधी दुकानातच फोन १/५० वर ठेवून तपासा, स्वस्त ड्रायव्हरचे (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) दिवे कॅमेऱ्यात फडफडतात. ६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३०० वॉट ही मर्यादा समजा. एलईडी बरेच चालतील, पण हजार वॉटचा हॅलोजन लावलात तर त्यावर दुसरं काही नको. आणि त्याच्यापासून जिलेटिन पेपर फूटभर लांब, नाहीतर तो वितळतो.

फडफडणारी ट्यूब हवीच असेल तर एलईडी ट्यूबचा उपयोग नाही. चोक-स्टार्टरची जुनी पट्टी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधा आणि त्यात आयुष्य संपत आलेली ट्यूब लावा. जी लुकलुक मिळते तिची सर कुठल्याही इफेक्टला नाही.

बॅटऱ्यांचं चार्जिंग बुधवारीच उरका. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसा वीज जाण्याची पुण्याची सवय ठाऊक असूनही दरवेळी कुणीतरी फसतं.

रक्त

एका खुनासाठी: लिक्विड ग्लुकोज ५०० ग्रॅम (केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं), कोमट पाणी १०० ते १२० मिली, खाण्याचा लाल रंग एक चहाचा चमचा, कोको पावडर एक चमचा, निळा रंग दोन-तीन थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. मग मलमलच्या कापडातून गाळा. नुसता लाल रंग घातला तर ते सरबत दिसतं, कोको आणि निळा त्याला जडपणा देतात. बीटाचा रस कॅमेऱ्यात जांभळट येतो, तो नको. थंडीत ग्लुकोज घट्ट होतं, बाटली गरम पाण्यात ठेवा.

कपड्यांवर सांडायच्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर मिसळलं तर डाग निघायला सोपं जातं, पण ते तोंडात जाता कामा नये. दोन बाटल्या, दोन वेगळ्या रंगांची लेबलं. निळ्या उजेडात लाल रंग काळा पडतो, तेव्हा रक्ताच्या शॉटला बाजूचा उबदार दिवा थोडा वाढवा. आधी एक टेस्ट शॉट घेऊन बघा.

वाहतं रक्त हवं असेल तर मेडिकलमधून सलाइनचा सेट आणि ५० मिलीची सिरिंज आणा. सुई आणि थेंबांची डबी कापून टाका, नळी बाहीतून किंवा कॉलरमधून चिकटपट्टीनं फिरवा. या नळीतून वर सांगितलेलं घट्ट रक्त जाणार नाही, पाणी २५० मिलीपर्यंत वाढवा. टेकच्या आधी नळीतली हवा काढलीच पाहिजे, नाहीतर रक्त फुरफुरत, थुंकल्यासारखं बाहेर येतं आणि सगळं युनिट हसायला लागतं.

डिस्टेंपरची भिंत आणि शहाबादी फरशी रंग पिऊन टाकतात. भिंतीवर उडवायचंच असेल तर भिंतीच्या रंगाचा पुठ्ठा लावून त्यावर उडवा, खाली पारदर्शक प्लास्टिक. आणि मुंग्या! ग्लुकोज सांडलं की अर्ध्या तासात रांग लागते, शिवाय मेलेल्या माणसाला जमिनीवर दहा मिनिटं पडून राहायचं असतं. प्रत्येक टेकनंतर ओला फडका. एकाच रंगाचे तीन शर्ट घ्या, म्हणजे तीन टेक. त्या नटाचे स्वच्छ कपड्यांतले सगळे शॉट आधी संपवा.

जखमेसाठी जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, मंद आचेवर, उकळू न देता. मनगटाच्या आतल्या बाजूला तापमान बघूनच लावा. मे महिन्यात घामानं ती जखम गळून पडते. लॅटेक्स वापरणार असाल तर आदल्या दिवशी कातडीवर छोटा ठिपका लावून ॲलर्जी तपासा.

खुनाचं दृश्य

सुरे दोन. खरा सुरा फक्त क्लोजअपला, तोही धार घालवलेला आणि समोर माणूस नसताना. अंगाजवळ जाणारा सुरा ५ मिलीमीटरच्या सनबोर्डचा (हलक्या फोमच्या शीटचा), चंदेरी रंग दिलेला. मुठीवर वेगळ्या रंगाची टेप, रात्री दोनला कुणाला काही कळत नसतं. वार नटाच्या कॅमेऱ्यापासून दूरच्या बाजूनं, फूटभर अंतर ठेवून खाली जातो. कॅमेरा समोर असल्यामुळे ते अंतर दिसत नाही. वर गेलेला हात, तिचा चेहरा, खाली येणारी मूठ, भिंतीवरचे शिंतोडे, कठडा सोडणारी बोटं. पाती शरीरात शिरताना दाखवायची गरजच नाही, ते काम आवाज करतो.

हे दृश्य रात्री दहा-अकराला ठेवा, जेवण झाल्यावर, सगळे जागे असताना. पहाटे तीनला दमलेल्या माणसाकडून झटापट करवली की खरंच लागतं. पहाटेसाठी चालण्याचे, दाराच्या फटीतून बघण्याचे शॉट राखा. एका रात्रीत दहा-बारा शॉट नीट होतात, पंचवीस लिहून आणले तर चौदा अर्धवट होतात. आणि काम चारला संपलं तरी मुलामुलींना लगेच घरी पाठवू नका. उजाडेपर्यंत झोपायला एक खोली ठेवा.

आवाज

तीस हजारांपैकी जेवण-प्रवासाला दहा, दिव्यांना सात, आवाजाला सात, कपडे-रक्त-प्रॉप्सला तीन आणि तीन राखीव, अशी विभागणी ठेवा. कॅमेऱ्याच्या भाड्याचा आकडा यात मुद्दाम नाही. चित्र दाणेदार असलं तरी प्रेक्षक बघतो, संवाद कळला नाही तर बंद करतो.

किंकाळ्या सेटवर रेकॉर्ड करू नका. रात्री शेजारच्या सोसायटीतले लोक धावत येतील, आणि माइकमध्ये आवाजही फाटतो. नटानं तोंड उघडून निःशब्द ओरडायचं, मानेच्या शिरा ताणून. खरी किंकाळी दुपारी, गाद्या लावलेल्या खोलीत, माइकपासून चार फुटांवर. प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता शांत आवाज मात्र त्याच रात्री घ्या, नाहीतर जोडलेले तुकडे कानाला कळतात.

बाकी सगळं स्वयंपाकघरात आहे. सुरा घुसायला कोबीचा गड्डा, ओलेपणासाठी पाण्यात भिजवलेला पंचा, हाड मोडायला शेवग्याची ताजी शेंग, पात्याच्या झणकाराला तव्याच्या कडेवरून ओढलेलं उलथनं. तीन-चार थर एकावर एक चढवा, एकटी शेंग शेंगच वाटते.

दचकवण्याची जागा एडिटमध्ये घडते. आधी दोन-तीन सेकंद पार्श्वसंगीत पूर्ण काढा, फक्त रातकिडे. धक्क्याचा आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम आधी सुरू करा. संवादच इतके मोठे ठेवले की धक्क्याला वर जायला जागा उरत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. संवाद उणे १८ ते उणे २० डेसिबलच्या आसपास, धक्का उणे ३ पर्यंत. यूट्यूब मोठ्या आवाजाच्या फाइली स्वतःच खाली आणतं, तेव्हा सगळंच ढणढण ठेवून काही मिळत नाही. गाजलेल्या गाण्याचा तुकडा वापरला तर हक्काचा दावा येणार हे नक्की.

शेवटची प्रत एखाद्या स्वस्त फोनवर, निम्म्या ब्राइटनेसवर, दिव्याखाली बसून बघा. त्यावर मारेकरी दिसला नाही तर तो दिसणारच नाही, कारण बहुतेक लोक तशीच बघणार आहेत. थिएटरात जाहीर खेळ लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबला ते लागत नाही. पण थंबनेलवर रक्त टाकलंत तर वयाची अट लागून फिल्म लोकांपर्यंत पोचणंच कमी होतं. थंबनेलला स्कार्फवाला चेहरा पुरे.