सीट आणि वाहन-सुरक्षेत इंजिनिअर व्हायचंय? आधी लोड पाथ शिका

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईलची पदवी झाली की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरचा क्लास शोधतात. कॅटिया, हायपरमेश, एलएस-डायना यायलाच हवं. पण बेल्टवरचा लोड गाडीच्या फ्लोअरपर्यंत कसा पोचतो हे कागदावर मांडता येत नसेल, तर मुलाखतीत गाडी तिथेच अडते.

भंगारातली पुढची सीट मिळवा आणि उघडा. साइड एअरबॅग किंवा प्रिटेन्शनर (धडकेत बेल्ट झटक्यात घट्ट करणारा भाग) असलेली घेऊ नका, त्यातली स्फोटक दारू जिवंत असू शकते. कव्हर आणि फोम काढला की फ्रेम, रिक्लायनर (पाठ मागे-पुढे झुकवणारा), लिफ्टर (सीट वर-खाली करणारा) आणि रेल (जिच्यावर सीट पुढे-मागे सरकते) दिसतात. बसायच्या पत्र्याचा पुढचा भाग वर उचललेला असतो, तो नीट पाहा. समोरून धडक बसली की कंबर बेल्टखालून पुढे घसरू पाहते, आणि मग बेल्ट हाडावरून निसटून पोटात रुततो. यालाच सबमरीनिंग म्हणतात. तो उंचवटा ते रोखायला मदत करतो.

आता हिशोब. यूएन आर१४ या बेल्ट अँकरेजच्या (बेल्ट जिथे गाडीला किंवा सीटला अडकवतात त्या जागांच्या) आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रवासी कारच्या तीन-बिंदू बेल्टला खांद्याच्या आणि कमरेच्या ब्लॉकवर (माणसाऐवजी बेल्टमागे ठेवलेले ठोकळे) प्रत्येकी १३,५०० न्यूटन ओढ देतात. अँकरेज सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट जोर वेगळा. बकलला दोन्ही पट्ट्यांचं एकेक टोक येतं, म्हणजे ढोबळमानाने निम्मं अधिक निम्मं, १३.५ किलोन्यूटन. बकल रेल फ्लोअरला धरणाऱ्या बोल्टपासून २५० मिमी वर आणि पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये ४०० मिमी अंतर धरलं, तर आतल्या, म्हणजे बकलच्या बाजूच्या, रेलचा मागचा बोल्ट साधारण ८.४ किलोन्यूटनने (१३.५ × २५० ÷ ४००) वर ओढला जातो. पट्टा तिरपा असल्यामुळे प्रत्यक्षातली ओढ याहून जास्तच.

म्हणून टेस्टमध्ये बऱ्याचदा आतली रेल आधी जाते: खालच्या रेलचे ओठ उघडतात आणि वरची रेल बाहेर येते. अशा वेळी नुसती फ्रेम जाड करून फक्त वजन वाढतं. रेलचा प्रोफाइल आणि बोल्टची जागा बघायला हवी. नियमात अँकरेज वाकलेलं चालतं, पण ठरलेला लोड किमान ०.२ सेकंद पेलला पाहिजे.

हे पक्कं झालं की त्याच सीटचं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये चालवा. रंगीत चित्राआधी एनर्जीचे आलेख उघडा. अवरग्लास एनर्जी (मॉडेलच्या जाळीच्या खोट्या वाकण्यात गेलेली) इंटर्नल एनर्जीच्या (पत्रा वाकण्यात खरोखर साठलेल्या किंवा खर्च झालेल्या) ५ टक्क्यांवर गेली असेल किंवा मास स्केलिंगने (गणित लवकर संपावं म्हणून मॉडेलला दिलेलं जादा वजन) वजन फुगलं असेल, तर तो निकाल कुणाला दाखवू नका. वेल्ड अमर्याद मजबूत धरणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मॉडेल पास होतं, सीट फाटते.

नोकरीत डिझाइन, सीएई (कॉम्प्युटरवरची चाचणी) आणि टेस्टिंग अशा तीन वाटा असतात. निवडायची मुभा असेल तर आधी टेस्टिंग घ्या, फाटलेला पत्रा तिथेच हातात येतो. एच-पॉइंट (बसलेल्या माणसाच्या कंबरेच्या सांध्याची जागा) मोजणं, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेची सूट लिहायची पद्धत) आणि डीएफएमईए (डिझाइन कुठे फसू शकतं याची आधीच केलेली छाननी) तिन्हीकडे लागतं. रेझ्युमेत सॉफ्टवेअरची यादी एका ओळीत आटपा; उघडलेल्या सीटचा लोड पाथ आणि वरचा हिशोब मात्र दोन पानांत जोडा.