जुन्या पीसीवर ऑफिसचा क्लाउड: माझ्या चुका वगळून कसा उभा करायचा

३१ जुलै जवळ आली की माझा फोन गच्च भरतो. मखमलाबादचे बागायतदार बँकेच्या स्टेटमेंटचे तिरके फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, मेनरोडचे कापडवाले तेच ईमेलने धाडतात आणि कुणाचं तरी पॅन कार्ड माझ्या भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोंत सापडतं. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. तरी दोन वर्षांपूर्वी अडगळीतला पीसी पुसून त्यावर नेक्स्टक्लाउड (फायली आपल्याच मशीनवर ठेवून इंटरनेटवरून देता-घेता येतील असं सॉफ्टवेअर) बसवलं, आणि ते अजून चालू आहे.

नेक्स्टक्लाउडच का, तर फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड नावाचं असंच सॉफ्टवेअर सुरू केलं, २०१६ मध्ये ते आणि बरेच सहकारी तिथून बाहेर पडले आणि तोच कोड घेऊन त्यांनी नेक्स्टक्लाउड उभं केलं. परवाना एजीपीएल, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, त्यामुळे अडवणार कोण? उद्या या कंपनीचं काही झालं तरी माझ्या पार्ट्यांचे कागद कुणाकडे अडकून पडणार नाहीत, एवढं मला पुरे होतं.

पीसी फार भारी नको. माझ्यात आठ जीबी रॅम आहे, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, फायलींसाठी दोन टीबीची डिस्क. त्यावर उबुंटू सर्व्हर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम), मग डॉकर (प्रोग्रॅम आपापल्या डब्यात चालवणारं साधन), मग नेक्स्टक्लाउडचं ‘ऑल-इन-वन’, म्हणजे लागेल ते सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं. ते सुरू करायची कमांड त्यांच्या माहितीपानावर तयार मिळते, पण जशीच्या तशी चिकटवू नका. फायली कोणत्या डिस्कवर राहणार ते त्याच कमांडमध्ये आधी लिहायचं असतं. एकदा चालू झाल्यावर ते बदलणं म्हणजे भरल्या घरात फरशी बदलणं. नंतर ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) आणि पोर्ट ८०८० उघडा, https://पत्ता:8080 असं लिहून. सर्टिफिकेटबद्दल ब्राउझर ओरडेल, पहिल्यांदा ओरडू द्या. समोर जो लांबलचक पासवर्ड दिसेल तो कागदावर उतरवा. मी तो क्लाउडमध्येच सेव्ह केला होता. हसा.

माझे खरे दोन रविवार गेले इंटरनेटपायी. ऑल-इन-वनला डोमेन (वेबसाइटला असतं तसं नाव) लागतं आणि बाहेरून पोर्ट ४४३ वर पोचता यावं लागतं. राउटरमध्ये सगळं बरोबर भरलं, तरी बाहेरून काही उघडेना. शेवटी धाकट्या दिरांनी राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी) वाचला: १०० ने सुरू. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही दिसलं तर समजा की एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, तुमच्या दारापर्यंत बाहेरून कुणी येऊच शकत नाही. डोकं फोडू नका, कनेक्शनवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता, मागा. मला वर्षाला थोडे जास्त पैसे मोजून मिळाला. नसेलच मिळत तर टेलस्केल (आपल्याच मशीनींचं खाजगी जाळं) वापरता येतं, पण ते मुख्यतः ऑफिसातल्या माणसांपुरतं. क्लायंटला लिंक देणं त्यात सहज जमत नाही, आणि मला तर त्यासाठीच हा खटाटोप करायचा होता.

ती लिंक अशी करा. प्रत्येक पार्टीचं एक फोल्डर, शेअरवर जाऊन पब्लिक लिंक, आणि परवानग्यांमध्ये फक्त अपलोड. समोरचा माणूस कागद टाकू शकतो, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. बाप-लेकाचे हिशेब वेगळे असतात तिथे हे फार कामाचं. लिंकला पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा, लिंकच्याच मेसेजमध्ये नको. मुदतीची तारीख टाका. माझी ५ ऑगस्ट असते, कारण आपली माणसं मला माहीत आहेत.

आता बॅकअप. पहिल्याच वर्षी आमच्या असिस्टंटने लॅपटॉपवर जागा करायची म्हणून जुनी फोल्डरं उडवली. सिंक (लॅपटॉप आणि सर्व्हरवरची फोल्डरं सारखी ठेवणारी सोय) इमानदार: सर्व्हरवरूनही गेली, माझ्या लॅपटॉपवरूनही गेली. ट्रॅशमध्ये साधारण ३० दिवस राहतात म्हणून वाचलो. दिवाळीनंतर लक्षात आलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं. ऑल-इन-वनमध्ये बोर्ग बॅकअप आहेच. त्याला वेगळ्या डिस्कचा मार्ग द्या, रात्रीची वेळ लावा (तेवढा वेळ क्लाउड बंद राहतो) आणि त्याचा एन्क्रिप्शन पासवर्डही कागदावर घ्या; तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा. माझ्या दोन बाह्य डिस्क आहेत. दर शनिवारी एक घरी इंदिरानगरला नेते, दुसरी लावते.

पावसाळ्यात लाइट जातेच, तेव्हा यूपीएस हवा. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारं सेटिंगचं पान) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवा. अपडेट वेळच्या वेळी करा, मोठी आवृत्ती ओलांडून पुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. फक्त जीएसटीच्या २० तारखेच्या आसपास हात लावू नका.

मदत मागायचीही एक रीत आहे. दहा वर्षांच्या जुन्या फायली मी पेनड्राइव्हने सरळ डेटाच्या फोल्डरमध्ये ओतल्या आणि क्लाउडमध्ये एकही दिसेना. नेक्स्टक्लाउडच्या फोरमवर “चालत नाही, प्लीज हेल्प” असं लिहिलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग आवृत्ती, कशी बसवली, नेमकं काय केलं आणि लॉगमधल्या (सर्व्हर स्वतः ठेवतो त्या नोंदींच्या फायलीतल्या) चार ओळी (स्वतःचं डोमेन पुसून) लिहिल्या. त्याच रात्री कुठल्या तरी देशातल्या स्वयंसेवकाचं उत्तर आलं: मागच्या दाराने टाकलेल्या फायलींची नोंद डेटाबेसमध्ये होत नाही, त्यांची मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या आणि फाइल्स-स्कॅन (फायली शोधून नोंदवणारी कमांड) चालवा. वीस मिनिटांत सगळं दिसलं.

त्याने एक रुपया घेतला नाही, म्हणून सध्या मी जमेल तसं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर नेक्स्टक्लाउडच्या मराठी भाषांतराला हात लावते. ‘शेअर’ला ‘सामायिक करा’ म्हणावं की ‘शेअर करा’, यावर माझं मत पक्कं आहे. मखमलाबादला कुणी काही सामायिक करत नाही.