डॉट इन असल्यामुळे यूकेत साईट दिसत नव्हती, माझा अनुभव

वहिनीचा गोडा मसाला आणि भाजणीचा धंदा, साईट डॉट इन (भारताचं डोमेन, म्हणजे साईटच्या पत्त्याचा शेवटचा भाग) वर, भारतातून सर्च केलं की व्यवस्थित वर यायची पण लंडनमधल्या मावसभावाने तेच शब्द टाकले तर कुठे पत्ताच नाही. आधी वाटलं तो गूगल डॉट को डॉट यूके वापरतो म्हणून असेल, पण त्याचा काही संबंध नाही, २०१७ पासून गूगल तुम्ही कुठे बसलाय ते बघून रिझल्ट देतं.

खरी भानगड अशी की डॉट इन म्हटलं की गूगल साईट भारतासाठीच धरतं, आणि सर्च कन्सोलमधली (साईटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल) देश निवडायची सोय २०२२ मध्ये काढून टाकली (ती असती तरी देशाच्या डोमेनला बदलता येत नव्हतीच). गंमत म्हणजे डॉट आयओ, डॉट एआय ही पण देशांचीच, पण ती गूगल जनरल धरतं.

मग डॉट कॉम घेतलं, त्यात भारत आणि यूके असे दोन फोल्डर, यूकेच्या पानांवर किंमत पौंडात आणि तिकडचा डिलिव्हरी खर्च, दोन्हीकडे एकमेकांचे एचरेफलँग टॅग (कुठलं पान कुठल्या भाषेसाठी-देशासाठी ते गूगलला सांगणारे). त्यात यूकेचा कोड ईएन-जीबी लिहायचा बरं का, ईएन-यूके चालत नाही. जुन्या प्रत्येक पानाला त्याच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की कायमचं नव्यावर नेणारं), सगळं होमपेजवर ढकलायचं नाही.

मधे भारतातलं रँकिंग थोडं हललं, वहिनी जाम वैतागली, पण सावरलं. आता यूकेत दिसतोय, पहिल्या पानावर नाही अजून. डॉट इन मात्र रिन्यू करत राहणार, सोडलं तर रीडायरेक्ट पण जाईल.