मोठ्या स्विमबेटसाठी रॉड-रील घेताना या चुका टाळा

स्विमबेट म्हणजे पोहणाऱ्या माशासारखं दिसणारं मोठं आमिष. ते फेकायचा जाडजूड रॉड मुळात आपल्या मरळीसाठी बनलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत ट्राउट मासळी सोडली जाते. ती खाऊन तिथला लार्जमाउथ बास हा मासा भलताच वाढायचा. त्याला फसवायला लोकांनी ट्राउटएवढी आमिषं घडवली आणि मग ती फेकायला साधा रॉड पुरेना. आपल्याकडे बास नाही. पण भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत मरळ आहे, नदीच्या डोहात शिवडा आहे. दोघंही मासे खाणारे, त्यामुळे पाच-सहा इंची स्विमबेट इथेही चालतं. बिघडतं ते सामान घेताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उलटी खरेदी. आधी चकचकीत रील, मग त्यावर शोभेल असा रॉड आणि शेवटी आमिष. खरं तर आमिषाच्या वजनावरून रॉड ठरतो, रॉडवरून रील आणि दोरा. म्हणून आधी आमिष गरीसकट किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. गरीसकट, कारण दोन तिहेरी गऱ्या आणि कड्या मिळून वजन चांगलंच वाढतं. आठ इंची कडक स्विमबेट 70 ते 110 ग्रॅमपर्यंत सहज जातं. आता रॉडच्या मुठीवरचा आकडा वाचा. तो बहुधा औंसात असतो आणि 1 औंस म्हणजे 28 ग्रॅम. 2 ते 5 औंस लिहिलं असेल, तर रॉड 57 ते 142 ग्रॅमचा आहे. आपलं नेहमीचं आमिष या पट्ट्याच्या मधोमध बसायला हवं, वरच्या टोकाला नको. ‘हेवी’, ‘मीडियम हेवी’ या शब्दांवर जाऊ नका. एका कंपनीचा हेवी दुसऱ्या कंपनीचा मीडियम हेवी निघतो.

लांबीत सहसा साडेसात ते आठ फूट बरोबर. लांब रॉड फेकीला जोर देतो आणि मुठीचं लांब टोक बगलेत धरता येतं. पण तलावाच्या पाळीवर मागे बाभळी असतील आणि आठ फुटी रॉड फिरवायलाच जागा नसेल, तर सात फुटी घ्या. एसटीने जायचं असेल तर दोन तुकड्यांचा बघा.

रॉडचा ताठपणा गरीवर ठरतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. तिहेरी गऱ्यांचं आमिष, ताठ रॉड आणि न ताणणारा ब्रेड (विणलेला दोरा) असं त्रिकूट जमलं, की मासा पहिल्या झटक्यात लागतो आणि दुसऱ्या झटक्यात सुटतो. दोष गरीचा नसतो, तोंडातलं मांस फाटतं. तिथे मधोमध वाकणारा रॉड हवा. उलट कमळ, शिंगाडा नाहीतर बेशरमच्या झुडपातून एका मोठ्या लपत्या गरीचं मऊ आमिष ओढायचं असेल, तर ताठच घ्या. मरळीचा जबडा कडक असतो, मऊ रॉडने गरी आत शिरतच नाही.

रीलच्या बाबतीत 8:1 चा वेगवान गिअर (मुठीच्या एका फेऱ्यात दोऱ्याच्या फिरकीचे, म्हणजे स्पूलचे आठ फेरे) घेण्याचा मोह आवरा. आमिष पाण्यात आडवं होऊन गिरक्या घेऊ लागलं, तर बहुधा ते गरजेपेक्षा वेगाने ओढलं जातंय. शिवाय जड आमिष ओढून तासाभरात मनगट भरून येतं. 5 ते 6.5 चा गिअर पुरे. मात्र नुसतं गुणोत्तर पाहू नका. 38 मिलिमीटर व्यासाचा भरलेला स्पूल 5.8 च्या गिअरवर एका फेऱ्यात साधारण 69 सेंटिमीटर दोरा गोळा करतो, 43 मिलिमीटरचा 78. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारा, आडव्या फिरत्या स्पूलचा रील) 300 आकाराचा घ्या, सतत 100 ग्रॅमच्या वर फेकायचं असेल तर 400. छोट्या स्पिनिंग रीलवर जड आमिष फेकलं, की दोरा बोटाला कापतो आणि फेकीच्या मध्येच बेल (दोरा अडवणारी तारेची कमान) बंद झाला तर आमिष तुटून तलावात.

दोरा 50 ते 65 पौंडाचा ब्रेड. जोरात ओढताना ड्रॅग (ओढ वाढली की दोरा सोडणारी रीलची पकड) पूर्ण कसूनही सरकतोय असं वाटलं, तर रील उघडण्याआधी अंगठ्याने स्पूलवरचा दोरा दाबा आणि रीलची मूठ फिरवून पाहा. ब्रेडचा सगळा गठ्ठाच स्पूलवर घसरत असेल, तर ड्रॅग ठीक आहे. स्पूलवर आधी पाच-सहा मीटर मोनो (साधा नायलॉनचा एकेरी दोरा) गुंडाळा, त्याला ब्रेड बांधा, काम झालं. ड्रॅग ताणकाट्याने मोजून लावा, सगळ्यात कमजोर दोऱ्याच्या ताकदीच्या पाव भाग. लीडर (आमिषाजवळचा दोऱ्याचा तुकडा) 25 पौंडाचा, म्हणजे 11 किलोचा असेल, तर ड्रॅग पावणेतीन किलोवर सुटला पाहिजे.

बेटकास्टरवर दोऱ्याचा गुंता कधी होतो ते पाहिलं की कारण सापडतं. फेकताक्षणी झाला, तर झटका दिला गेलाय किंवा फेकताना स्पूलचा वेग आवरणारा ब्रेक ढिला आहे. आमिष पाण्याला टेकताना झाला, तर अंगठा उशिरा पडला. ब्रेक आधी बराच घट्ट ठेवून हळूहळू कमी करा. टोकापासून दोन-अडीच फूट दोरा लोंबता ठेवा आणि गोफण फिरवल्यासारखं सावकाश फेका. जड आमिषाला मनगटाचा झटका मानवत नाही.

रॉड मोडतो तो बहुतेक वेळा फेकताना नाही, तर पाळीच्या दगडांवर उभं राहून मासा शेंड्याने उचलताना. रॉड उभा आणि दोरा सरळ खाली, म्हणजे सगळा भार टोकाच्या वितभर भागावर. हातजाळी सोबत ठेवा किंवा खाली उतरा.

आणि हो, तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, शिंगाड्याचा धनी कधी वेगळा असतो. आधी विचारा. पावसाळ्यात लालसर पिलांच्या थव्याभोवती फिरणारी मरळ मात्र सोडून द्या.

उन्हाळ्यात रील ठेवताना ड्रॅग ढिला सोडा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या हंगामात झटके देतात. मऊ आमिषं कडक आमिषांच्या डब्यात ठेवू नका, दोन्ही एकमेकांना चिकटून विरघळतात. दोरा सारखा तुटत असेल, तर घरातला कापूस घ्या आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून ओढा. जिथे तंतू अडकला, तिथे कडीला तडा आहे. ती कडी बदलल्याशिवाय नवा दोरा भरू नका.