साइटवरच्या वेल्डरचं सेफ्टी ट्रेनिंग: या चुका टाळा

साइटवर नवा वेल्डर आला की सुपरवायझर आधी त्याचं टेस्टचं सर्टिफिकेट बघतो. सिक्स-जी (तिरक्या, न फिरवता येणाऱ्या पाइपच्या जोडाची अवघड टेस्ट) पास? मग लाव कामाला. पण त्या कागदावरून जोड चांगला येतो एवढंच कळतं. दहाव्या मजल्यावर, खाली सेंटरिंगचं प्लायवूड पडलेलं असताना हा माणूस काय करेल, ते कळत नाही.

मग सेफ्टी इंडक्शन होतं. चाळीस जण एका शेडमध्ये, हिंदीतून वीस मिनिटं, शेवटी रजिस्टरवर सह्या. त्यातल्या निम्म्यांना हिंदी धड येत नसतं. त्यापेक्षा वेल्डरला त्याच्याच मशीनपाशी उभं करा आणि ‘सुरू करण्याआधी काय काय बघतोस, दाखव’ म्हणा. पाच मिनिटांत सगळं उघडं पडतं.

बहुतेक वेळा उघडी पडते ती अर्थिंगची केबल. जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्याला, क्लॅम्प लावायचा कंटाळा, म्हणून जवळच्या सळईला किंवा परांचीच्या पाइपला अडकवलेली. करंट मग वाट मिळेल तिथून परततो, आणि ढिल्या सांध्यावर ठिणगी पडते. क्लॅम्प जॉबवरच, जोडाच्या शक्य तितक्या जवळ हवा. ‘होल्डर धरला की झिणझिण्या येतात’ अशी तक्रार आली तर ईएलसीबीच्या (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहू नका. तो मशीनच्या अलीकडची गळती पकडतो; ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, होल्डरच्या बाजूला काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथे रॉड पेटलेला नसतानाही 70-80 व्होल्ट असू शकतात, आणि घामाने भिजलेल्या हातमोज्याला तेवढे पुरतात. काम थांबवा, होल्डरची फुटकी मूठ आणि केबलचे टेप गुंडाळलेले जोड बदला, मोजे कोरडे द्या.

हेल्परला तर ट्रेनिंगमध्ये कुणी धरतच नाही! तो बिनचष्म्याचा शेजारी बसतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळतो. फायर वॉचर, म्हणजे आग लागत नाही ना यावर लक्ष ठेवणारा, म्हणून कामाच्या परमिटवर नाव मात्र त्याचंच. त्याला एक्स्टिंग्विशर हातात देऊन चालवून बघा. साधारण 11 मीटरच्या आत जळण्यासारखं काही नको. हलवता येत नसेल तर फायर ब्लँकेट टाका. डक्ट किंवा स्लॅबमधली भोकं झाका, कारण ठिणगी खालच्या मजल्यावर जाऊन गुपचूप धुमसते. म्हणून काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, वॉचर तिथून हलता कामा नये. जेवणाच्या सुट्टीतही.

गॅस कटिंगवाल्यांची एक खोड मोडाच: ऑक्सिजनच्या नळीने अंगावरची धूळ उडवणं. कपड्यात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगीही भारी पडते. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही, ॲसिटिलीनचं सिलिंडर आडवं ठेवून वापरायचं नाही.

गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पाइप जोडल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, त्यावर गूळ-दुधाचा उपाय सांगितला जातो. जस्ताचा धूर त्याने थांबत नाही. जोडाजवळचा थर आधी काढा, हवा खेळती ठेवा, योग्य मास्क द्या. तोंडावरचा रुमाल मास्क नव्हे.

उंचीवर काम असेल तर हार्नेसचा पट्टा रोज बोटांनी चाचपून बघायला शिकवा. साध्या पॉलिएस्टरला ठिणगीने सहज भोक पडतं. असा पट्टा सापडला तर तिथेच कापून टाका. स्टोअरला परत दिलात तर उद्या तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर दिसेल.